लहान मुलाला घेऊन कोकणात बाहेर जेवायचं तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही कुडाळ-मालवण पट्ट्यात राहतो. मे महिना किंवा दिवाळीची सुट्टी आली की मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांचे फोन ठरलेले: "पोराला घेऊन येतोय, जेवायला कुठे जायचं?" प्रश्न फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहिली आहेत. विषय रिसॉर्टचा नाही. घराच्या पडवीत किंवा बाजारपेठेच्या गल्लीत चालणाऱ्या खानावळींचा आहे. मूल साधारण आठ-नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतचं धरलं आहे.

एवढं लहान मूल नेलं तर खानावळवाले वैतागतात का?

सहसा नाही. घरगुती खानावळीत मालकांची स्वतःची नातवंडं टेबलांमधून पळत असतात. तुमच्या कडेवर मूल दिसलं की मालकीणबाई पदराला हात पुसत बाहेर येतात आणि तुमच्या ऑर्डरच्या आधी "चेडवाक काय व्हया गो?" (पोरीला काय हवं गं?) हा प्रश्न येतो. किड्स मेनू नाही, रंगवायची चित्रं नाहीत, पण आत चुलीवर मऊ भात असतो आणि तो द्यायला कोणी कुरकुरत नाही. रिसॉर्टच्या किड्स मेनूत बहुतेक वेळा फ्रेंच फ्राइज आणि नूडल्स असतात. दोन्हींत मला विचाराल तर मी खानावळ निवडेन.

वैताग होतो तो रविवारी दुपारी दीड वाजता, बाहेर दहा माणसं ताटकळत उभी असताना. त्याला उपाय पुढच्या दोन उत्तरांत आहे.

आधी फोन करावाच लागतो का?

करावाच. बाकीचं सगळं विसरलात तरी चालेल, एवढं विसरू नका.

घरगुती खानावळ सकाळी बाजारात आलेल्या मासळीवर चालते. किती ताटं लागणार याचा अंदाज घेऊनच मासे घेतले जातात. दुसरं, अकरा-साडेअकरापर्यंत वाटण होऊन आमटी-सार तयार असतं. ओलं खोबरं आणि सुक्या मिरच्या एकत्र वाटून कालवणात गेल्या की मग "जरा कमी तिखट करा" म्हणण्यात अर्थ नसतो. बाई फार तर वरून नारळाचं दूध घालतील. तेच सकाळी नऊ-साडेनऊला सांगितलंत तर एक वाटी वरण फोडणीआधी बाजूला निघतं, माशाची एक तुकडी मसाला न लावता ठेवली जाते आणि मूठभर तांदूळ जास्त पाणी घालून शिजतात. रात्रीच्या जेवणासाठी दुपारी चारच्या आत कळवा.

फोनवर नेमकं बोला. "बाळासाठी काहीतरी साधं" असं म्हटलं तर प्रत्येक घराचा साधेपणा वेगळा निघतो, आणि मालवणी घराचा साधेपणा पुण्याच्या जिभेला झणझणीत लागू शकतो. "मिरची अजिबात नको, मीठ-हळद चालेल, वर्षाचं मूल आहे," असं सांगा.

किती वाजता पोचावं?

दुपारी बारा ते साडेबारा. तेव्हा जागा असते, तवा मोकळा असतो, मूल झोपेला आलेलं नसतं. रात्रीचं अवघड जातं, कारण बऱ्याच ठिकाणी आठपर्यंत काही हातात येत नाही. अशा वेळी मुलाला सातला खोलीवर काहीतरी भरवून न्या आणि खानावळीत त्याला वड्याचा तुकडा चघळू द्या.

गणपतीत जाणार असाल तर आधी खात्री करा. त्या दिवसांत खानावळवाल्यांच्याही घरी गणपती असतो आणि कित्येक घरगुती खानावळी बंद असतात. आंगणेवाडीच्या जत्रेच्या दिवशी मसुऱ्याच्या बाजूला लहान मुलाला घेऊन जेवायची जागा शोधत फिरू नये, एवढंच सांगते.

सगळंच तिखट असतं. मग मुलाने खायचं काय?

पुष्कळ आहे, फक्त ते पाटीवर लिहिलेलं नसतं.

पहिली पेज. उकड्या तांदळाची पेज सिंधुदुर्गात अजूनही घरोघरी सकाळी दहा-अकराच्या सुमारास होते. मेनूत सापडणार नाही, पण मागितलीत तर खानावळीच्या स्वयंपाकघरातून येते. बाळ वर्षाच्या आतलं असेल तर मिठाशिवाय मागा. रत्नागिरीच्या बाजूला गेलात तर गुरगुट्या भात म्हणा, वर तूप आणि थोडं मेतकूट. मेतकुटात तिखट आहे का तेवढं विचारून घ्या.

दुसरी आंबोळी आणि घावणे. दोन्ही मऊ, हातात धरता येतात, आणि नारळाच्या गोड रसात बुडवले की दोन वर्षांचं मूल बाकी कशाकडे बघत नाही. कधी शिरवाळे मिळाले तर सोडू नका. तांदळाच्या शेवया आणि गुळाचा नारळरस, त्यात मिरचीचा संबंधच नाही.

कुळथाची पिठी आणि भात हाही चांगला पर्याय, मात्र फोडणीतली मिरची काढून. कोंबडी-वड्यांतला वडा मुलांना आवडतो. तो तेलकट असतो, तेव्हा एखादा पुरे. रस्सा दूरच ठेवा.

काळ्या वाटाण्याचं सांबार मोठ्यांसाठी उत्तम, पण अख्खा वाटाणा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो. दोन बोटांत चिरडून द्या. ओल्या काजूच्या उसळीचंही तेच. आणि ज्या आमटीत किंवा तिखल्यात (माशाच्या झणझणीत कालवणात) तिरफळं आहेत, ती मुलाला नकोच. तिरफळ चावलं गेलं की जीभ बधिर होते आणि मग अर्धा तास रडणं.

मासा कधीपासून द्यावा? कोणता?

सहा महिने पूर्ण होऊन वरचं खाणं सुरू झालं की नीट शिजवलेला, काटे काढलेला मासा देता येतो. पहिल्यांदा मात्र घरीच द्या. नवा पदार्थ अंगाला मानवतो की नाही हे प्रवासात बघायला जाऊ नये.

खानावळीत मुलासाठी माझी पसंती पापलेट किंवा मुडदुशी. मुडदुशीचं मांस मऊ आणि काटे थोडे. बांगडा अंगाला फार चांगला, पण काटे काढायला सवय हवी. पेडवे आणि मांदेली तुम्ही खा. त्यांतले बारीक काटे निवडत बसलात तर तुमचं जेवण गार होईल. मोरी मुलांना देऊ नये. मोरी म्हणजे शार्क, आणि अशा मोठ्या शिकारी माशांच्या अंगात पारा साठत जातो. सुरमईही शिकारीच आणि आकाराने मोठी होते, म्हणून ती कधीमधी, छोटी तुकडी.

"फ्राय" म्हटलं की रवा-मसाल्याचं कवच येणार. ते पूर्ण सोलून काढलं की आत पांढरं मांस असतं, आणि मसाला फार वेळ मुरलेला नसेल तर ते मुलाला चालण्याइतकं सौम्य असतं. आधी स्वतः चाखा.

काटे नक्की कसे काढायचे?

हाताने. चमच्या-काट्याने ते काम होत नाही.

पापलेट ताटात आडवं ठेवा. मधोमध डोक्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ दिसते, तिच्यावर अंगठा दाबून मांस बाहेरच्या बाजूला, कडेच्या परांकडे ढकला. ते सलग सुटून येतं आणि खाली फणीसारखा सांगाडा दिसतो. वरचा भाग झाला की शेपूट धरून तो सांगाडा अख्खा उचला, खालचं मांस मोकळं. कडेचा अर्धा इंच मुलाला देऊ नका, कारण परांच्या मुळाशी बारीक काटे असतात.

सुरमईच्या गोल तुकडीत मधे मोठा मणका असतो, तो सहज निघतो. पोटाकडच्या पातळ पाळीत मात्र बरगड्यांचे लांब काटे असतात. मुलासाठी पाठीकडचंच मांस घ्या. बांगडा पाठीवरून उघडा, शेपटीकडून मधला काटा वर ओढा, आणि उरलेल्या मांसाच्या मध्यरेषेवरची बोटभर पट्टी काढून टाका. बारीक काटे तिथेच लपतात.

मग शेवटचं, सगळ्या माशांना लागू: प्रत्येक घास अंगठा आणि तर्जनीत दाबून, चिरडून बघायचा. नजर चुकते, बोटं चुकत नाहीत. उजेड कमी असेल तर कोपऱ्यातलं टेबल सोडून दिव्याखाली बसा. दिवे गेले तर मासा थांबवा आणि भात सुरू ठेवा.

तरीही काटा अडकला तर?

आमच्याकडे लगेच कोणीतरी सुक्या भाताचा गोळा किंवा केळं गिळायला लावतं. ते करू नका. काटा आणखी खोल रुतू शकतो किंवा घास वेगळाच अडकतो. तोंडात बोटही घालू नका. मूल श्वास घेतंय, रडतंय, लाळ गिळतंय, तर त्याला शांत करून डॉक्टरकडे न्या. कान-नाक-घशाचे डॉक्टर मिळाले तर उत्तम.

श्वासच अडकला, आवाज निघत नाही, खोकता येत नाही, अशी वेळ असेल तर थांबायचं नाही. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर हातावर पालथं, डोकं खाली करून दोन खांद्यांच्या मधे तळहाताने पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध पाच दाब, आणि पुन्हा तेच. वर्षाच्या वरच्या मुलाला पाठीवर पाच थापा आणि मग मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर आत-वरच्या दिशेने पाच दाब. तेवढ्यात दुसऱ्या कोणीतरी १०८ ला फोन लावायचा. मूल निपचित पडलं तर जमिनीवर झोपवून सीपीआर (छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं) सुरू करायचा, रुग्णवाहिका येईपर्यंत. हे सगळं सुट्टीला निघण्याआधी आपल्या बालरोगतज्ज्ञांकडून एकदा प्रत्यक्ष करून घ्या, वाचून हात बसत नाही.

कोलंबी, तिसऱ्या, कुर्ल्या?

कोलंबी घरी आधी खाऊन मानवलेली असेल तर, बारीक तुकडे करून. अख्खी कोलंबी चिवट असते. तिसऱ्या लहान मुलाला देऊन विशेष काही साधत नाही. कुर्लीची नांगी मोठ्या मुलांना खेळ वाटते, पण कवचाचे कपचे धारदार असतात, तेव्हा मांस काढून द्या.

खाल्ल्यावर ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, तर दवाखाना. श्वास घरघरायला लागला किंवा मूल मलूल पडलं तर क्षणभरही वाट बघू नका.

सोलकढी दिली तर चालते का?

दोन वर्षांच्या वर असेल तर दोन-चार चमचे. गुलाबी रंग बघून मुलं हात पुढे करतात, पण तिच्यात वाटलेली मिरची आणि लसूण असते, आणि आगळ (कोकमाचा खारवलेला रस) वापरलं असेल तर मीठही बऱ्यापैकी. मिरची घालण्याआधी वाटीभर वेगळी काढून ठेवा असं फोनवरच सांगता येतं. त्यापेक्षा शहाळं बरं. कोकम सरबत घ्यायचं तर बर्फाशिवाय.

पाण्याचं काय?

उकळून गार केलेलं पाणी मुलाच्या बाटलीत भरून न्या. विहिरीचं पाणी गोड असतं यात वाद नाही, आम्ही तेच पितो. बाहेरून आलेल्या मुलाच्या पोटाला त्याची सवय नसते.

पावसाळ्यात ताजे मासे मिळतात का?

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा हंगाम आणि खवळलेला समुद्र, दोन्ही कारणं. या काळात ताटात येतं ते खाडीतलं, नदीतलं, सुकं किंवा बर्फातलं. "आजचं पापलेट" असं जुलैत कोणी म्हणालं तर हसून वरण-भात मागवा. सुकी मासळी खारट असते, लहान मुलाला नको. नारळी पौर्णिमेनंतर हळूहळू बाजार भरू लागतो.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

मुळीच नाही. गुहागर, गणपतीपुळे, रत्नागिरीकडे शाकाहारी घरगुती जेवणाच्या पाट्या जागोजागी दिसतात. वरण-भात-तूप, बिरड्या, अळूचं फदफदं, फणसाची भाजी. अळू मुलाला पहिल्यांदाच देत असाल तर जपून, घसा खवखवतो कधीकधी. उकडीचा मोदक बाहेरून कोमट लागला तरी आतलं गूळ-खोबरं कढत असतं. फोडून, वाफ जाऊ देऊन द्या.

उंच खुर्ची मिळते का?

हायवेवरच्या मोठ्या हॉटेलांत कधीकधी. खानावळीत नाही. मांडीवर घ्या, नाहीतर भारतीय बैठक असेल तिथे बसा. रांगत्या मुलाला तीच सोयीची, कारण पडायची भीती नाही. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर उशा रचून बसवू नका, मागे कलंडते. स्टीलचं ताट गरम भाताने तापलेलं असतं, ते मुलाच्या हाताला लागेल असं ठेवू नका. केळीचं पान मागून बघा, बहुतेक देतात.

वाडीत, झाडांखाली टेबलं मांडलेली असतात. तिथे बसावं का?

दिवसा जरूर, पण बसण्याआधी वर बघा. माडाखालचं टेबल नको. नारळ आणि झावळी पडताना सांगून पडत नाहीत. वाडी असली की विहीर असते, आणि जुन्या चिरेबंदी विहिरींचा कठडा कधीकधी मोठ्या माणसाच्या गुडघ्याइतकाच असतो. मूल चालतं असेल तर विहीर कुठे आहे हे मालकांना विचारा आणि आळीपाळीने जेवा: एक ताटावर, एक मुलामागे.

संध्याकाळी डास फार. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि शक्यतो पडवीत बसा. मासे असतील तिथे मांजर असणारच. ते पायाशी घोटाळणार आणि मूल त्याला आपल्या वाटचं पापलेट देणार. त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

दूध कुठे पाजू? डायपर कुठे बदलू?

मालकीणबाईंना सांगा, माजघरात किंवा आतल्या खोलीत जागा करून देतात, पंखाही लावून देतात. बाजारातल्या छोट्या हॉटेलात "फॅमिली रूम" असते, तीही चालते. डायपर मात्र तिथल्या डब्यात टाकू नका. गावात कचरा उचलायची शहरासारखी सोय नसते, घरच्यांनाच त्याची विल्हेवाट लावावी लागते. पिशवीत बांधून सोबत न्या.

मुलाचं वेगळं ताट घ्यावं लागतं का? बिलाचं काय?

"एका थाळीत दोघांनी जेवू नये" ही पाटी मोठ्यांसाठी असते. तीन वर्षांचं मूल आईच्या ताटातलं खातं, त्याचे पैसे कोणी घेत नाही. वेगळी पेज, वेगळी तुकडी सांगितली असेल तर तिचे पैसे विचारून द्या. नको म्हणाले तरी द्या. पापलेट-सुरमईचा दर आकारावर ठरतो, तो जेवायच्या आधी विचारण्यात कमीपणा नाही.

मोठ्या हॉटेलात बिलावर सर्व्हिस चार्ज दिसला तर तो आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. काढून टाकायला सांगा. ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. घरगुती खानावळीत ही वेळ येत नाही.

सांडलं, फेकलं, रडलं तर?

भात सांडणारच. उठताना मोठे तुकडे उचलून पानात ठेवा, फडका मागा. पुसू देणार नाहीत, पण मागा. रडणं थांबत नसेल तर मुलाला घेऊन बाहेर फिरवून आणा. बाहेर गाय, कोंबड्या, होडी, काहीतरी दिसतंच. मोबाइल द्यायचा की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. काटे निवडताना मात्र मुलाचं लक्ष तोंडातल्या घासावर हवं, स्क्रीनवर नको.

जेवून लगेच घाट चढायचा आहे.

मग पोटभर भरवू नका. आंबोली, फोंडा, आंबा किंवा कुंभार्ली, घाट कोणताही असो, वळणं मुलाला सहन होत नाहीत. थोडा भात, थोडं वरण, तळलेलं काही नाही, आणि निघायच्या आधी तासभर वेळ. बाकीचं घाटमाथ्यावर.

पोट बिघडलं तर?

सामानात ओआरएसची पुडी असू द्या, पुडीवर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला असं लिहिलेलं. पुडीवर जेवढं पाणी लिहिलंय तेवढ्यातच ती पूर्ण मिसळायची, अंदाजाने नाही. दुकानात फळांच्या चवीची गोड पेयं याच नावाने मिळायची. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) त्यांच्यावर ओआरएस हा शब्द छापायला मनाई केली. ती जुलाबावरचा उपाय नव्हेत. अंगावरचं दूध चालूच ठेवा. लघवी कमी झाली, डोळे खोल गेले, मूल पेंगुळलं किंवा शौचात रक्त दिसलं तर डॉक्टर.

उरलेला मासा बांधून घेतला तर संध्याकाळी मुलाला देता येईल?

नाही. इथल्या दमट हवेत गाडीत ठेवलेला मासा किंवा नारळाचं वाटण घातलेलं काहीही दोन तासांच्या वर मुलाला देऊ नये. मे महिन्यात तर एक तासही जास्तच. बांधून घ्यायचेच असतील तर वडे घ्या. ते दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर तुम्हाला होतील.